दिवा विझतो, वीज उरते



कोपर स्थानकाच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावरच्या तारेविषयी वेगळे सांगावे लागत नाही. खाली कल्याणकडे जाणारा मार्ग, वर दिवा-वसईचा मार्ग, अशी या स्थानकाची दुमजली रचना आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरील १,५०० व्होल्टचा जुना एकदिश प्रवाह जाऊन २०१५ सालापर्यंत तेथे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. या तारेपासून दूर राहावे, हे रोज गाडीने जाणाऱ्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तार उघडी आहे, तिच्या शेजारी धोक्याच्या पाट्या आहेत आणि तिच्याबद्दलची भीती लोकांच्या अंगवळणी पडली आहे.

स्थानकापासून हाकेच्या अंतरावरील एखाद्या खोलीचे चित्र आता डोळ्यांसमोर आणावे. लोखंडी मांडणीवर भाजीच्या कोवळ्या रोपांची तबके किंवा शोभेच्या झाडांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या आहेत. प्रत्येक फळीवर ट्यूबलाइट आहे किंवा छताला एक मोठा सोडियमचा दिवा टांगलेला आहे. भिंतीलगत धातूची एक पेटी मंद गुणगुणते आहे. घरातील गृहिणी हातात पाण्याची झारी घेऊन त्या मांडणीपाशी वावरते आहे. या पेटीत सुमारे ४०० व्होल्टचा एकदिश दाब असू शकतो. मोठा दिवा पेटविताना ती क्षणभर तीन ते पाच हजार व्होल्टचा दाब निर्माण करते. आणि बटण बंद केल्यावरही तिच्या पोटात काही काळ वीज शिल्लक राहते. या पेटीवर धोक्याची ठळक पाटी क्वचितच असते. तिची भीती कोणालाच वाटत नाही, आणि तिच्याविषयी बोलणे आवश्यक होते ते याच कारणाने.

बंद खोलीतील सूर्य

रोपाला अन्न तयार करण्यासाठी प्रकाश लागतो, हे सर्वपरिचित आहे. दिवस व रात्र यांच्या लांबीवरही रोपाचा फुलोरा अवलंबून असतो, हे मात्र विसाव्या शतकात स्पष्ट झाले. अमेरिकेतील गार्नर व अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली. शेवंतीला फुलण्यासाठी लांब रात्र लागते. म्हणून तिचा बहर पुढे ढकलावयाचा असेल, तर रात्री काही काळ दिवे लावून ती रात्र तोडतात. अशा रीतीने दिवा हे शेतीचे एक अवजार बनले.

महाराष्ट्रात या अवजाराचा शिस्तबद्ध वापर ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांतून झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, पारशरामी व मस्करेन्हस या शास्त्रज्ञांनी १९९० साली जगाचे लक्ष वेधून घेणारा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जो बांबू फुलण्यास कित्येक वर्षे घेतो, त्याच्या कोवळ्या रोपांना काचपात्रातच काही महिन्यांत फुले आली होती. हे श्रेय मुख्यतः पोषकद्रव्ये व संजीवके यांचे होते. परंतु असे कोणतेही काम नियंत्रित प्रकाशाच्या व तापमानाच्या खोलीवाचून होऊ शकत नाही. ऊतिसंवर्धनाच्या खोलीत सामान्यतः सोळा तास प्रकाश, आठ तास अंधार आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान ठेवतात. अशा अनेक प्रयोगशाळांतून दिव्यांचे चोक वाढीच्या खोलीबाहेर बसविलेले असतात. चोकची उष्णता वरच्या फळीवरील रोपांना लागू नये व खोली थंड ठेवण्याचा खर्च वाढू नये, हा त्यामागील उद्देश. वीज एका जागी आणि पाणी व माणूस दुसऱ्या जागी, हा त्याचा दुसरा लाभ आहे व तो पहिल्याहून मोलाचा आहे. प्रयोगशाळेतील हे शहाणपण घरगुती खोलीपर्यंत पोचविणे हेच खरे काम आहे.

बॅलास्ट कशासाठी

ट्यूबलाइट, सोडियमचा दिवा व मेटल हॅलाइड दिवा यांचा प्रकाश तापलेल्या तारेतून येत नाही. त्यांत वायू व धातूची वाफ असते आणि तिच्यातून वीज वाहते. हा मार्ग एकदा खुला झाला की त्याचा विरोध घटत जातो. विरोध घटला की प्रवाह वाढतो आणि प्रवाह वाढला की विरोध आणखी घटतो. असा दिवा थेट वीजपुरवठ्याला जोडला, तर तो काही क्षणांत स्वतःचा नाश करून घेईल. या प्रवाहाला वेसण घालणारे साधन म्हणजे बॅलास्ट. बाजारात त्याला सर्रास चोक म्हणतात.

जुना चोक म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार होय. तो जड असतो, गुणगुणतो आणि ४० वॅटच्या एका ट्यूबमागे १० ते १५ वॅट वीज उष्णतेत घालवितो. इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट हे काम निराळ्या पद्धतीने करतो. घरात येणाऱ्या २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे तो प्रथम एकदिश विजेत रूपांतर करतो. ही वीज तो कपॅसिटरमध्ये, म्हणजे संधारित्रात, साठवितो आणि तिच्यापासून पुन्हा अतिशय जलद दिशा बदलणारा प्रवाह तयार करून दिव्याला देतो. आपल्या पुरवठ्याची कंप्रता सेकंदाला ५० असते, तर ट्यूबच्या इलेक्ट्रॉनिक बॅलास्टमध्ये ती वीस हजारांच्या वर असते. त्यामुळे प्रकाश लुकलुकत नाही, वीज वाचते व पेटीचे वजनही कमी होते.

हे सर्व गुण खरे आहेत. परंतु जो संधारित्र हे काम सुकर करतो, त्याच्याच पोटी या यंत्राचा मुख्य धोका दडलेला आहे.

बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे

संधारित्र हा विजेचा रांजण समजावा. नळ बंद केला तरी रांजणातील पाणी नाहीसे होत नाही. मोठ्या दिव्याच्या बॅलास्टमध्ये १०० मायक्रोफॅरडचा संधारित्र ४०० व्होल्टपर्यंत भरलेला असेल, तर त्यात ८ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. हा धक्का वेदनादायक असतो. तो छातीतून गेला तर प्राणघातकही ठरू शकतो, आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचा तोल तर तेवढ्याने नक्कीच जातो.

हा रांजण आपोआप रिता व्हावा म्हणून चांगल्या बॅलास्टमध्ये एक रोधक बसविलेला असतो. तो एक मेगओहमचा असेल, तर ४०० व्होल्टचा दाब ५० व्होल्टवर येण्यास सुमारे साडेतीन मिनिटे लागतात. हा छोटासा रोधक जळालेला किंवा सुटलेला असेल, तर भार तासन्‌तास टिकू शकतो आणि बाहेरून त्याचा सुगावाही लागत नाही. पुष्कळांचा भरवसा खिशातल्या टेस्टरवर असतो. तथापि पुरवठ्यापासून तोडलेल्या संधारित्रातील भार तो टेस्टर दाखवीलच असे नाही. टेस्टरचा दिवा पेटला नाही एवढ्यावरून पेटीत हात घालणे म्हणजे मुक्या साक्षीदाराच्या भरवशावर निकाल देण्यासारखे आहे. पेचकसाने संधारित्राची टोके जोडून भार उतरविण्याची युक्ती काही कारागीर वापरतात. तिने ठिणगी उडते, धातू वितळून डोळ्यांत जाऊ शकतो आणि संधारित्रही निकामी होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. जुन्या घरांतून कित्येकदा बटण फेजऐवजी न्यूट्रल तारेवर बसविलेले आढळते. अशा ठिकाणी बटण बंद करताच दिवा विझतो, पण दिव्यापर्यंत व बॅलास्टपर्यंत फेज जिवंतच राहते.

सबब नियम असा ठेवावा. बटण बंद करावे, त्यानंतर प्लग काढावा किंवा दोन्ही तारा एकदम तोडणारी कळ पाडावी, आणि किमान पाच मिनिटे थांबून मगच दिव्याला किंवा तारेला हात लावावा. उत्पादकाने याहून अधिक वेळ सांगितला असेल, तर तोच पाळावा. प्लग काढल्यानंतर त्याच्या पितळी खिळ्यांना लगेच बोट लावू नये. पेटीचे झाकण मात्र घरच्या माणसाने कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. ते काम मापकयंत्राने भार तपासू शकणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे.

दिवा व बॅलास्ट यांची जोडी

बॅलास्ट हा दिव्याच्या मापाने घ्यावयाचा असतो. ६०० वॅटच्या बॅलास्टला ४०० वॅटचा दिवा लावला, तर दिव्यात मर्यादेबाहेर ऊर्जा जाते आणि तो फुटण्याचा संभव असतो. सोडियम व मेटल हॅलाइड या दोन जातींचे दिवेही एकमेकांच्या जागी वाटेल तसे चालत नाहीत. वॅट, जात व दाब हे तिन्ही आकडे दिव्यावर आणि पेटीवर वाचून जुळवावेत. पेटीवरील मजकूर पुसला गेला असेल किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या पेटीवर तो मुळातच नसेल, तर ती पेटी वापरू नये. ट्यूबलाइटच्या इलेक्ट्रॉनिक बॅलास्टसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३०२१ हे मानक आहे. खरेदी करताना त्याविषयी विचारणा करावी.

मोठा दिवा पेटविताना जो तीन ते पाच हजार व्होल्टचा क्षणिक दाब निर्माण होतो, तो बॅलास्टपासून दिव्यापर्यंतच्या तारेतून जातो. त्यामुळे ही तार साध्या पंख्याची किंवा इस्त्रीची वायर असून चालत नाही. उत्पादकाने सांगितलेल्या जातीची व लांबीची तारच वापरावी. तिच्यात मधेच जोड देऊ नये आणि तिला चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये. दिवा होल्डरमध्ये सैल बसला असेल तर तेथे ठिणग्या पडतात आणि होल्डर जळू लागतो. दिवा बदलताना पुरवठा पूर्ण तोडून, दिवा थंड होऊ देऊन, कोरड्या हातांनी व स्वच्छ फडक्याने तो बसवावा.

विझलेला दिवा ताबडतोब पुन्हा पेटत नाही. आतील वाफ निवण्यास सोडियमच्या दिव्याला एक-दोन मिनिटे, तर मेटल हॅलाइडला दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. दिवा लागत नाही असे पाहून बटण वारंवार चालू-बंद करणे दोघांनाही घातक असते. मेटल हॅलाइडची बाहेरची काच फुटूनही तो पेटत राहिला, तर त्यातून डोळे व त्वचा यांस अपायकारक अतिनील किरण बाहेर पडतात. असा दिवा तत्काळ बंद करावा.

ट्यूबलाइटचेही एक लक्षण ओळखावयास शिकले पाहिजे. तिची टोके काळी पडली आणि ती लुकलुकू लागली म्हणजे तिचे आयुष्य सरले. चांगला बॅलास्ट अशा वेळी स्वतःहून प्रवाह थांबवितो. हलका बॅलास्ट मात्र तिला बळेच पेटवीत राहतो. मग टोके तापतात, काच तडकते व प्लास्टिकचा होल्डर वितळतो. काळवंडलेली ट्यूब आणखी महिनाभर चालविण्यात होणारी बचत होल्डरच्या किमतीएवढीही नसते.

ओल, खारी हवा आणि पूर

आतापर्यंत सांगितलेले नियम कोणत्याही गावास लागू पडतात. कोपरला त्यांत आणखी भर घालावी लागते. उल्हास खाडीच्या काठची ही वस्ती आहे. येथील हवा दमट आणि खाडीच्या बाजूस खारी असते. पावसाळ्याचे चार महिने तर भिंतींनाही पाझर सुटतो. पितळी पेचांवर हिरवट थर चढतो, जोड सैल पडतात आणि सैल जोड तापतो. रोपांच्या खोलीत त्यावर पाण्याच्या फवाऱ्याची व पानांतून निघणाऱ्या बाष्पाची भर पडते. कोरड्या जागी चालून जाणारी हयगय अशा खोलीत चालत नाही.

पहिली गोष्ट भूसंपर्काची, म्हणजे अर्थिंगची. बॅलास्टची धातूची पेटी, दिव्याची छत्री आणि लोखंडी मांडणी या तिन्हींना अर्थिंग असणे आवश्यक आहे. पेटीला तीन तारा असताना दोन खिळ्यांचा प्लग लावणे किंवा तिसरी तार छाटून टाकणे म्हणजे संकटाची तरतूद करून ठेवणे होय. अर्थिंग आहे असे मानून चालू नये, ते तारतंत्र्याकडून मोजून घ्यावे. नळाच्या पाइपाला बांधलेली तार हे अर्थिंग नव्हे.

दुसरी गोष्ट गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या यंत्राची. त्याला आरसीसीबी म्हणतात, बाजारात त्याचे ईएलसीबी हे नावही रूढ आहे. माणसाच्या रक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे. येथे एक बारकावा आहे. इलेक्ट्रॉनिक बॅलास्टमधील गाळणीमुळे प्रत्येक पेटीतून अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाह नेहमीच अर्थिंगकडे जात असतो. वीस पेट्या एकाच आरसीसीबीवर घातल्या, तर ते दोष नसतानाही वरचेवर पडू लागते. मग कंटाळून कोणीतरी ते वगळून थेट तार जोडतो आणि घरातील प्राणरक्षक साधन त्या क्षणी नाहीसे होते. यावर उपाय एकच आहे. पेट्या दोन-तीन गटांत विभागून प्रत्येक गटाला स्वतंत्र आरसीसीबी द्यावे. हे यंत्र दर महिन्याला त्यावरील चाचणीचे बटण दाबून तपासावे. मात्र संधारित्रातील साठलेला भार किंवा दोन तारांना एकाच वेळी झालेला स्पर्श यांपासून ते वाचवू शकत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

तिसरी गोष्ट जागेची. बॅलास्ट जमिनीवर, कुंड्यांच्या शेजारी किंवा मांडणीच्या खालच्या फळीवर कधीही ठेवू नये. तो भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, शक्यतो खोलीच्या बाहेर बसवावा. भिंतीवरून उतरणाऱ्या तारेला पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळापाशी गळून पडते व पेटीत जात नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हासच्या काठची बदलापूरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतची सखल वस्ती पाण्याने वेढली गेली होती. ज्याने ते पाणी पाहिले आहे, त्याला उंचीचे महत्त्व पटविण्याची गरज नाही. खोलीत पाणी शिरू लागले तर प्रथम मुख्य कळ पाडावी. मात्र ती कळ पाण्यात उभे राहून पाडावी लागणार असेल, तर तिला हात न लावता महावितरणला कळवावे. बुडालेला बॅलास्ट उन्हात वाळवून पुन्हा लावू नये. पाणी वाळते, पण त्यातील क्षार व गाळ आतच राहतात आणि तेच पुढे विजेची वाट बनतात.

भार आणि उष्णता

६०० वॅटचा दिवा व त्याचा बॅलास्ट मिळून सुमारे ६५० वॅट वीज घेतात. असे चार दिवे म्हणजे २,६०० वॅट आणि सव्वाअकरा अँपिअरच्या आसपास प्रवाह झाला. घरातील पाच-सहा अँपिअरच्या सॉकेटवर जोडपट्टी लावून हे दिवे चालविणे म्हणजे रोज बारा तास भिंतीतील तार भाजत ठेवणे होय. अशा खोलीसाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी व स्वतंत्र अर्थिंग घ्यावे. तार मानक चिन्हाची व पुरेशा जाडीची असावी. बॅलास्ट चालू होताना संधारित्र भरण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह खेचला जातो. म्हणून सर्व दिवे एकदम न लावता एकामागून एक, काही सेकंदांच्या अंतराने लावावेत. स्वयंचलित वेळनियंत्रक वापरावयाचा असेल, तर तो हा प्रारंभीचा प्रवाह सोसणारा असावा. लहान घड्याळी स्विचचे संपर्क अशा वेळी चिकटून बसतात. मग दिवा ठरल्या वेळी बंद होत नाही आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हेच चार दिवे रोज बारा तास चालले, तर दिवसाला ३१ युनिटांहून अधिक वीज लागते. हा खर्च आधी हिशेबात धरावा. रोपांचा धंदा करावयाचा असेल, तर घरगुती जोडणीवर तो चालतो की नाही, हे महावितरणच्या उपविभागात विचारून घ्यावे. मंजूर कारणाखेरीज अन्य कारणासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो.

बॅलास्टला हवा लागते. पेट्या एकमेकींवर रचू नयेत, त्यांवर कापड टाकू नये व लाकडी कपाटात कोंडू नयेत. संधारित्राचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारणपणे निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. पेटीवर हात टेकवणार नाही इतकी ती तापत असेल, तिला जळका वास येत असेल किंवा दिवा लावताच जवळच्या रेडिओवर मध्यम लहरींत एकाएकी मोठी खरखर सुरू झाली असेल, तर ती पेटी बंद करून तपासून घ्यावी. वीज जाऊन परत येताना दाबात चढउतार होतात. न्यूट्रल तुटल्यास तर एका फेजचा दाब धोकादायक रीतीने वाढतो. म्हणून वीज गेल्यावर बॅलास्टचे बटण बंद करावे आणि ती स्थिर झाल्यावरच ते पुन्हा चालू करावे.

रोजची शिस्त

या सर्व नियमांचे सार एका साध्या दिनक्रमात बसविता येते. रोपांना पाणी दिवे बंद असतानाच घालावे. तापलेल्या दिव्यावर पाण्याचा एक शिंतोडा पडला तरी काच फुटू शकते. पाणी घालून झाले, जमीन पुसली, हात कोरडे केले आणि पायांत रबरी चपला आहेत असे पाहिले, म्हणजे मग दिवे लावावेत. खोलीच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक पाटी असावी : ‘आधी पाणी, मग दिवा. दिवा बंद केल्यावर पाच मिनिटे थांबा.’ घरातील ज्या व्यक्तीच्या हाती झारी असते, तिलाच मुख्य कळ कोठे आहे हे दाखवून ठेवावे. पुष्कळ घरांतून वीज पुरुषांच्या माहितीची आणि पाणी स्त्रियांच्या कामाचे अशी वाटणी असते. अपघात मात्र वीज आणि पाणी जेथे एकत्र येतात तेथेच होतो.

एखाद्यास धक्का बसलाच, तर प्रथम त्याला शिवू नये, वीज तोडावी. ती तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या दांड्याने त्याला तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दाब देणे ताबडतोब सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस उठून बसला तरी त्यास डॉक्टरांना दाखवावे. आग लागली असेल तर वीज तुटेपर्यंत पाणी मारू नये. कोरडी वाळू किंवा विजेच्या आगीसाठी असलेले अग्निशामक वापरावे. त्यासाठी वाळूची एक बादली दाराशी कायम असू द्यावी.

जुने जाताना, नवे येताना

नव्याने खोली उभारणाऱ्याने आज एलईडी दिवेच घ्यावेत, यात शंका नाही. त्यांना हजारो व्होल्टचा प्रारंभिक दाब लागत नाही, त्यांत पारा नसतो व वीजही कमी लागते. पारा वापरणाऱ्या वस्तू कमी करण्याच्या मिनामाटा करारात भारत २०१८ साली सहभागी झाला. त्या कराराच्या २०२३ सालच्या परिषदेत ट्यूबलाइटचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरले आहे. तरीही शाळा, प्रयोगशाळा व रोपवाटिका यांतील जुने दिवे एका दिवसात नाहीसे होणार नाहीत, आणि बदलाच्या काळात चुका अधिक होतात.

त्यांतील एक चूक येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. ट्यूबलाइटच्या जुन्या पट्टीत एलईडीची नळी सरळ घालू नये. काही नळ्या चोकसह चालतात, तर काहींसाठी चोक काढून तारा नव्याने जोडाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारच्या काही नळ्यांत एक टोक बसविले असता दुसऱ्या टोकाच्या खिळ्यांत वीज येण्याचा धोका असतो. वेष्टनावरील आकृती पाहून, पुरवठा तोडून, हे काम तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. एलईडीच्या ड्रायव्हरमध्येही संधारित्र असतो, हे विसरता कामा नये. यंत्र बदलले तरी पाच मिनिटे थांबण्याचा नियम बदलत नाही.

फुटलेल्या ट्यूबमध्ये अल्प प्रमाणात पारा असतो. खिडक्या उघडून पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. त्यानंतर काचा झाडूने न लोटता जाड कागदाने उचलाव्यात, बारीक भुकटी ओल्या कागदाने टिपावी आणि सर्व काही झाकणाच्या बरणीत ठेवावे. निकामी दिवे व बॅलास्ट रोजच्या कचऱ्यात जाता कामा नयेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत पाऱ्याच्या दिव्यांचाही समावेश आहे. ते अधिकृत संकलकाकडेच द्यावेत.

कोणी काय करावे

विज्ञान शिक्षकाला संधारित्राचा धडा फळ्यावर संपविण्याची गरज नाही. शाळेतील निकामी बॅलास्टचा भार तंत्रज्ञाकडून उतरवून घेऊन, ती उघडी पेटी त्याने विद्यार्थ्यांना दाखवावी. वर्गात पाहिलेला रांजण मुलगा घरी जाऊन आईला समजावून सांगेल. पंचायत सदस्याने आपल्या गावातील बचत गट, रोपवाटिका व शाळा यांतील दिव्यांच्या खोल्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून पावसाळ्यापूर्वी एकदा तपासून घ्याव्यात. दोन्ही तारा तोडणारी कळ, अर्थिंग, आरसीसीबी, जमिनीपासूनची उंची व दारावरची पाटी, एवढ्या पाच गोष्टी पाहण्यास फार वेळ लागत नाही. अनुदानाचा किंवा कर्जाचा प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याने दिव्यांच्या किमतीबरोबर त्यांच्या तारजोडणीचा खर्चही प्रस्तावात धरला आहे की नाही, हे पाहावे. दिव्यांसाठी पैसे आणि अर्थिंगसाठी उधारी अशी योजना अपुरी मानली पाहिजे.

कोपरच्या फलाटावरील तार आज पूर्वीपेक्षा कित्येक पटींनी अधिक दाबाची आहे. लाखो माणसे रोज त्या मार्गावरून जातात-येतात आणि बहुतेक सर्व सुखरूप घरी पोचतात, ती त्या तारेविषयीच्या ज्ञानामुळे आणि अंगवळणी पडलेल्या शिस्तीमुळे. घरातील छोट्या पेटीलाही तेवढाच मान मिळाला, तर रोपांची खोली घराला उत्पन्न देईल आणि झारी हाती घेतलेली गृहिणी निर्धास्तपणे तेथे वावरेल. त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. दिवा विझल्यानंतरची पाच मिनिटे तेवढी पाळली पाहिजेत.